जुन्या इमारतीत पहिलं घर घेतोय, रविवारी टोकन द्यायचंय, त्याआधी काय तयारी करावी?

कागदपत्रं वकिलाला दाखवा, हप्ता झेपतो का बघा, हे तुम्हाला दहा जण सांगतील त्यामुळे मी त्यात पडत नाही. तुम्ही "रविवारी टोकन द्यायचंय" लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमचं घर बघायला मी, नवरा आणि मोठे दीर असे तिघं गेलो होतो. भाऊजींनी स्वतः दोन घरं घेतलेली, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. घर खरंच छान होतं, उजेड, वारा, सगळं. फक्त आतल्या बेडरूमच्या तीन भिंती जुनाट पिवळट आणि चौथी पांढरीशुभ्र, आणि नेमकं त्याच भिंतीला टेकून घरमालकाचं छतापर्यंतचं कपाट. जवळ गेले तर रंगाचा वास आणि त्याच्या आडून दुसरा एक, नीट न वाळलेले कपडे घडी घालून ठेवले की येतो ना तसा कुबट. मी म्हटलं हे कपाट जरा सरकवून बघता येईल का. भाऊजी हसले, "अगं, आपण घर घ्यायला आलोय की कपाट?" नवरा पण हसला. मी म्हटलं बरं, मग निदान एक पाऊस पडून गेला की परत येऊ, तर म्हणे दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन द्यायला हवं. (ती दुसरी पार्टी आजवर कुणी डोळ्यांनी बघितलेली नाही.) दिलं टोकन.

राहायला गेलो आणि दीड महिन्यात तो पांढरा रंग फुगला. बोट लावलं की तळहाताएवढा पोपडा हातात, आणि खाली मिठासारखी पांढरी भुकटी. लोणा. पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. भाऊजी आले, बघितलं, आणि निकाल दिला की तुम्ही घरात कपडे वाळत घालता, खिडक्या बंद ठेवता, त्याची वाफ भिंतीवर बसते. म्हणजे चूक घराची नाही, माझी! हे मग प्रत्येक कार्यक्रमाला, चार माणसांत, हसत हसत. मी तीन महिने खिडक्या सताड उघड्या ठेवून डास खाल्ले.

शेवटी एका मिस्त्रीनं सांगितलं ते केलं. दप्तराच्या पुस्तकांना घालतात त्या जाड प्लास्टिकचा वीतभर तुकडा भिंतीवर ठेवला आणि चारी कडांना चिकटपट्टी अशी लावली की हवा आत जायला नको. दोन दिवस तसाच. खोलीतल्या हवेची वाफ असेल तर प्लास्टिकच्या आपल्या बाजूला ओल धरते, भिंतीतून पाणी येत असेल तर आतल्या बाजूला. दोन दिवसांनी आतून थेंब, बाहेरून बोट फिरवलं तर कोरडं ठणठणीत. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. भाऊजींचा अंगठा आला फक्त.

पाणी वरच्यांच्या बाथरूममधून येत होतं, फरशीच्या सांध्यांतून. आणि डाग आमच्याकडे बाथरूमखाली नाही, तर हातभर लांब, कारण पाणी स्लॅबमधून वाट सापडेल तिकडे जातं, म्हणून डाग दिसतो तिथेच गळती असेल असं समजू नका. वरच्यांनी आधी मान्यच केलं नाही. मग त्यांच्या बाथरूमच्या जमिनीवर रंगीत पाणी साठवून ठेवलं, तो रंग आमच्या भिंतीत उतरल्यावर बोलती बंद. त्यांनी सांधे भरून घेतले, आम्ही प्लास्टर विटांपर्यंत खरवडलं, भिंत नीट वाळू दिली आणि मग परत प्लास्टर. ओल्या भिंतीवर नुसता रंग देणं म्हणजे पुढच्या माणसाला फसवणं, जे आमच्या घरमालकानं केलं.

"नाही पटलं तर विकून टाका, त्यात काय" असंही भाऊजी म्हणाले होते. आता हिशोब बघा. 20 वर्षांचं कर्ज, 8.5 टक्के व्याज धरलं तर पहिल्या हप्त्यातला जवळपास 82 टक्के भाग नुसता व्याजात जातो आणि निम्मं मुद्दल फिटायलाच 14 वर्षांच्या आसपास लागतात. दोन वर्षांनी विकायला काढलं तर कर्ज जवळजवळ होतं तेवढंच उभं असतं. तयारी विचारताय तर एक करा, जो हप्ता येणार आहे त्यातून आत्ताचं भाडं वजा करून उरलेली रक्कम आतापासूनच दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायला लागा. चौथ्या महिन्यात ओढाताण झाली तर कळेलच काय ते. आम्ही हे केलं नाही, त्यामुळे भिंतीच्या खर्चाला माझी एफडी मोडली.

घर एकदा सकाळी आणि एकदा रात्री बघा. सगळे नळ एकदम सोडून बघा. खालच्या आणि वरच्या मजल्यावर बेल वाजवून पाण्याचं, गळतीचं विचारा, शेजारी मालकापेक्षा खरं बोलतात. एजंट सोबत नसताना जा.

आता खरं सांगायचं तर माझंही एक चुकलं होतं, पावसाचा काही संबंधच नव्हता, कोरड्या दिवसांतसुद्धा ती भिंत ओलीच राहिली असती. नवा रंग दिसला म्हणजे ओल लपवलीच असंही नाही, माणसं विकायच्या आधी रंग देतातच, पण मग सगळ्या भिंतींना देतात. आणि बँकेत, रजिस्ट्रेशनला हेलपाटे भाऊजींनीच घातले, तेवढं श्रेय त्यांना. ते हे वाचणार आहेत म्हणून नाही लिहीत.

रविवारी जाणारच असाल तर कपाट सरकवायला एक दणकट माणूस सोबत न्या. मालक सरकवू देत नसेल तर टोकन खिशात ठेवून परत या, दुसऱ्या पार्टीला घेऊ दे.