प्याल्यावर नाव कुणाचं?

मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) प्याल्यावर दात्याचं नाव कोरलेलं पाहिलं. पूर्वीही असं चालायचं का? (वसईहून एक वाचक)

चालायचं, आणि चांगलं ठळक! ऑस्ट्रियातल्या क्रेम्सम्युन्स्टर मठात तासिलोचा प्याला आहे. बव्हेरियाचा ड्यूक तिसरा तासिलो यानं हा मठ 777 मध्ये स्थापला. प्याल्याच्या बैठकीभोवती लॅटिनमध्ये कोरलंय: 'तासिलो, शूर ड्यूक', आणि पुढे त्याची बायको लिउटपिर्ग, 'राजवंशाची शाखा'. मला तिचं बिरुद जास्त बोलकं वाटतं. नवरा नुसता ड्यूक, पण ती लोम्बार्ड राजा देसिदेरियसची लेक. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन यानं 774 मध्ये तिच्या बापाचं राज्य घेतलं आणि 788 मध्ये नवऱ्याला पदावरून काढून मठात धाडलं. नावं मात्र अजून प्याल्यावर आहेत. दात्याला हवं असायचं तेही हेच: जितक्यांदा प्याला वेदीवर, तितक्यांदा आपलं नाव देवापुढे.

तो सोन्याचा आहे का?

नाही, तांब्याचा, वर सोन्याचा मुलामा. सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लेप द्यायचा आणि भांडं तापवायचं. पारा उडून जातो, सोनं चिकटून राहतं. (त्या धुरानं कारागिरांचं काय होत असेल, ते सांगायला नको.) ख्रिस्त आणि शुभवर्तमानकारांची चित्रं चांदीवर आहेत. त्यांच्या रेघांत धातू आणि गंधक यांचं काळं मिश्रण भरलंय.

मग खरी सोन्याची भांडी गेली कुठे?

बहुतेक मुशीत वितळली. 1193 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड जर्मनीत कैदेत होता. त्याच्या खंडणीसाठी चर्चमधली सोन्याचांदीची भांडीही घेतली गेली. राजेच दान देत आणि राजेच परत नेत. पॅरिसजवळच्या सां-दनी मठाचा मठाधिपती सुजेर याचा प्याला वाचला, पण त्याचं पात्र आहे सार्डोनिक्स दगडाचं. तो 1804 मध्ये पॅरिसमधून चोरीला गेला. आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

गोव्यात असं राजदान आहे का?

मध्ययुगीन नाही, पण जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकात जरूर जा. संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी घडवली. तिच्याखालची संगमरवरी समाधी मात्र टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो यानं पाठवलेली. 1698 मध्ये ती इथं उभी राहिली. सांगतात, त्याआधी त्याला संताच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली होती.