मित्रांच्या नव्या बोटीसोबत उन्हाळी सफर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमची तीस फुटी शिडाची बोट बरीच जुनी आहे. मित्रांनी यंदा चाळीस फुटी कोरी बोट घेतली आहे. उन्हाळ्यात दोन्ही बोटी बरोबर निघणार आहेत. बोट नवी असल्याने तपासण्यासारखे काही नाही, असे मित्रांचे म्हणणे आहे. आम्हाला ते पटत नाही. नेमके काय पाहावे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. जुन्या बोटीची दुखणी मालकाला तोंडपाठ असतात. कोऱ्या बोटीतल्या तारा, नळ्या आणि बोल्ट मात्र अजून ताणाखाली बसलेले नसतात. म्हणून पहिल्या मोसमात जास्त लक्ष नव्या बोटीकडेच द्यावे लागते.

सुरुवात डोलकाठी धरणाऱ्या तारांपासून करा. या स्टेनलेस तारा बहुधा १९ धाग्यांच्या असतात. पहिल्या काही दिवसांच्या वाऱ्यात त्यांचे पीळ एकमेकांत घट्ट बसतात आणि तार किंचित लांबते. मध्यम वाऱ्यात, वारा येतो त्या दिशेच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन बोट १५ ते २० अंश कलू द्या. वाऱ्याखालच्या बाजूची तार थोडी सैल वाटणे ठीक. ती लोंबत असेल, हेलकावे खात असेल, तर ताण कमी आहे.

ताण मोजायला महागडे यंत्र लागत नाही. बोट बांधलेली असताना तार हाताने जेमतेम ताठ करा. दोन मीटर लांबीच्या सरळ पट्टीचे वरचे टोक चिकटपट्टीने तारेला पक्के बांधा. खालचे टोक तारेच्या टर्मिनलपासून, म्हणजे टोकावरच्या धातूच्या जोडापासून, पाच मिलीमीटर वर मोकळे राहू द्या. टर्नबकल, म्हणजे तार ताणणारा आट्यांचा जोड, आवळत गेलात की हे अंतर वाढू लागते. १९ धाग्यांच्या तारेत दर १ मिलीमीटर वाढ म्हणजे तार तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण. डोलकाठीच्या माथ्यापर्यंत जाणाऱ्या बाजूच्या तारांना ३ ते ४ मिलीमीटर, म्हणजे १५ ते २० टक्के ताण पुरतो. त्यापुढे जाऊ नका. नेमका आकडा डोलकाठीच्या पुस्तिकेत असतो, तो प्रमाण माना. दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकेक फेरा द्या, म्हणजे डोलकाठी वाकडी होत नाही. आट्यांना आधी वंगण लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडे फिरवले की आटे एकमेकांना चावतात आणि मग टर्नबकल करवतीने कापावा लागतो. ज्या बाजूवर शिडांचा भार आहे तिकडचा टर्नबकल कधीही फिरवू नका.

शेवटी टर्नबकल आपोआप फिरू नये म्हणून स्प्लिट पिना (दुपायी खिळ्या) घाला, त्यांचे पाय थोडेच फाका आणि टोकांवर टेप गुंडाळा, नाहीतर शीड फाटते. संपूर्ण टर्नबकल मात्र टेपने झाकू नका. आत खारे पाणी कोंडते, हवा पोचत नाही आणि स्टेनलेसला तिथेच बारीक भेगांतून गंज लागतो.

यानंतर नळ्या. नवे रबर दबते, त्यामुळे कारखान्यात आवळलेल्या क्लिपा आठवडाभरात सैल पडतात. पाण्याखालच्या प्रत्येक सीकॉकवरच्या, म्हणजे बोटीच्या तळातील भोकावरच्या झडपेवरच्या, क्लिपा पुन्हा आवळा, प्रत्येक सीकॉक उघडून-मिटून पाहा आणि भोक बुजवायला योग्य मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने त्याच्याच जवळ बांधून ठेवा.

इंजिनाचे पहिले तेल आणि तेलाचा फिल्टर बहुतेक लहान डिझेल इंजिनांना ५० तासांनी बदलतात. त्याच वेळी पट्ट्याचा ताण आणि इंजिनाच्या पायांचे नट पाहा. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलीमीटर दबावा. एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. नव्या डिझेल टाकीत आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, बांधणीच्या वेळचा भुसा, प्लॅस्टिकचे तुकडे, फायबरचे तंतू पडलेले असतात. शांत पाण्यात ते तळाशी बसून राहतात. पहिल्या मोठ्या लाटांत ढवळले जाऊन डिझेलच्या फिल्टरमध्ये किंवा बिल्ज पंपाच्या जाळीत अडकतात, नेमके इंजिन आणि पंप हवे असताना. पहिला आठवडा रोज फिल्टरखालची काचेची वाटी पाहा, बिल्ज हाताने पुसून काढा आणि किमान तीन जादा फिल्टर जवळ ठेवा.

प्रश्न : त्यांची बोट आमच्यापेक्षा वेगवान आहे. दोन्ही बोटी एकमेकींच्या नजरेत ठेवायच्या तर काय करावे?

उत्तर : नजरेत ठेवण्याचा हट्ट सोडा. पाण्यावर टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा. तो जड बोटीचा कमाल वेग, नॉटमध्ये (तासाला सागरी मैल). तुमची पाण्यावरची लांबी २५ फूट असेल तर ६.७ नॉट, त्यांची ३६ फूट असेल तर ८. प्रत्यक्षात तुम्ही सरासरी ४.५ धरा आणि त्यांची ६. म्हणजे ३० सागरी मैलांना तुम्हाला ६ तास ४० मिनिटे, त्यांना ५ तास. संथ बोटीने आधी निघावे, वेगवान बोटीने दीड तासाने. उजेड, भरती-ओहोटी आणि परतीचा निर्णय, सगळे संथ बोटीच्या वेळापत्रकावर बेतावे. सोबत पाहिजे म्हणून संथ बोट झेपत नसलेली शिडे चढवून पळू लागली, तर ती सोबत धोक्याची.

बोलण्यासाठी व्हीएचएफ रेडिओवर वेळ आधीच ठरवा, दर दोन तासांनी पुरे. चॅनल १६ वर हाक मारून लगेच ठरलेल्या चॅनलवर जा. बोट-ते-बोट बोलण्यासाठी ७२ किंवा ७७ वापरतात, पण स्थानिक नियम पाहून घ्या. पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ गुणिले २.२, असे दोन्ही बोटींचे मैल काढून बेरीज करा. १६ आणि १२ मीटरच्या डोलकाठ्या असतील तर साधारण १६ मैल. दोघांच्याही हातात छोटे रेडिओ, पाण्यापासून दोन मीटरवर, तर जेमतेम ६ मैल.

फोटोसाठी जवळ येताना नियम सैल होत नाहीत. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने दूर राहायचे, मग तो शिडावर असला तरी. समोरासमोर येताना डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने वाट द्यायची. शीड वर असतानाही इंजिन पुढे ढकलत असेल तर तुम्ही इंजिनाची बोट ठरता आणि दिवसा टोक खाली केलेला काळा शंकू लावावा लागतो.

प्रश्न : संध्याकाळी दोन्ही बोटी एकाच नांगरावर शेजारी-शेजारी बांधायच्या आहेत. पद्धत काय?

उत्तर : जड बोट नांगर टाकते, हलकी बोट तिच्या कुशीला येते. साखळी किती सोडायची याचा हिशेब कागदावर करा. पाणी ४ मीटर, भरती अजून २ मीटर चढणार, बोटीचे पुढचे टोक पाण्यापासून १ मीटर वर, म्हणजे ७ मीटर. नांगराला दोर नसून सगळी साखळीच असेल तर एका बोटीला याच्या पाचपट, ३५ मीटर पुरते. दोन बोटींचा भार असेल तर सातपट, ४९ मीटर सोडा. नुसते पाणी मोजून बाकीचे विसरणे ही सर्वांत नेहमीची चूक. ४ मीटरच्या हिशेबाने २० मीटर सोडले, तर पूर्ण भरतीला ते तीनपटही भरत नाहीत, साखळी उभी ताणली जाते आणि नांगर उखडतो.

साखळी सोडून झाल्यावर इंजिन उलट दिशेने हळूहळू वाढवा आणि अर्धा मिनिट जोर धरून ठेवा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत पकडा. रेषा मोडली नाही तर नांगर रुतला. दुसरी बोट यानंतरच जवळ यावी.

येणाऱ्या बोटीने फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या फुगीर उशा, आधीच लावावेत, निम्मे बोटीच्या सर्वांत रुंद भागात, बाकी पुढे-मागे. दोघांनीही लावावेत, दोन बोटींमध्ये फेंडर जास्त झाले असे होत नाही. मागून, समांतर, चालण्याच्या वेगाने या. पहिला दोर पुढचा, दुसरा मागचा, मग दोन तिरके स्प्रिंग दोर. पुढे-मागे सरकण्याचा सगळा भार स्प्रिंगवर असतो, म्हणून ते ताठ हवेत. पुढचे-मागचे दोर किंचित ढिले चालतात.

आता वर पाहा. दोन्ही डोलकाठ्या एका रेषेत असतील तर एक बोट मीटर-दोन मीटर पुढे किंवा मागे सरकवा. जवळून एखादी मोटरबोट लाट उडवत गेली की दोन्ही बोटी एकमेकींकडे झुकतात आणि स्प्रेडर, म्हणजे डोलकाठीचे आडवे हात, एकमेकांत घुसतात. खाली फेंडर कितीही असले तरी वरचे नुकसान ते थांबवू शकत नाहीत, आणि नव्या बोटीची डोलकाठी मोसमाच्या सुरुवातीलाच उतरवावी लागते.

पाहुण्या बोटीने आपला नांगर टाकू नये. वारा फिरला की दोन साखळ्यांची वेणी होते. शेजाऱ्याने बॅटरीसाठी इंजिन चालवले तर त्याचा धूर तुमच्या उघड्या खिडकीतून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तेवढा वेळ शेजारच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा, आणि अलार्म दोन्ही बोटींत हवाच.

रात्रीसाठी सुटे व्हावे, असे आमचे ठाम मत आहे. जेवण एकत्र, झोप आपापल्या नांगरावर. पहाटे तीनला वारा उठल्यावर अंधारात ताणलेले दोर सोडवताना बोटे चिरडतात. सुटे नांगरताना एक लक्षात ठेवा: पूर्ण साखळीची बोट मंद वाऱ्यात जागेवरून फारशी हलत नाही, दोराच्या नांगरावरची मात्र मोठा फेरा घेते. दोघे सारखेच फिरतील असे धरून जवळ राहू नका.

प्रश्न : मरिनात दोन्ही बोटी महिनाभर शेजारी होत्या, दोघांनीही किनाऱ्याची वीज जोडलेली होती. एरवी आमचा झिंक (पाण्याखालचे इतर धातू वाचावेत म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, म्हणजे ॲनोड) मोसमभर टिकतो, यंदा महिन्यात निम्मा झिजला. त्यांच्या बोटीमुळे असे होईल का?

उत्तर : होऊ शकते, आणि त्यात दोष कोणाचाच नाही. किनाऱ्याच्या विजेची अर्थिंगची तार दोन्ही बोटींच्या पाण्याखालच्या धातूंना एकमेकांशी जोडते. खारे पाणी दुसरा रस्ता पुरवते. दोन वेगळे धातू, मध्ये तार आणि खारे पाणी, अशी बॅटरी तयार होते आणि त्यातला कमी दर्जाचा धातू झिजतो. तुमचा झिंक शेजाऱ्याच्या कांस्य पंख्याचेही रक्षण करत बसतो. त्यांच्या बोटीला ॲल्युमिनियमचा सेलड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या तळातून खाली उतरणारा पंख्याचा पाय, असेल तर त्यांनाही सावध करा. त्यांचा ॲनोड संपला की झिजायची पाळी त्या महागड्या पायाची असते.

अर्थिंगची तार तोडणे हा उपाय नव्हे, त्याने माणूस मरतो. दोन्ही बोटींत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या. तो हा बारीक प्रवाह अडवतो आणि बिघाडाच्या वेळी मोठा प्रवाह जाऊ देतो. बॅटरी भरली की प्लग काढून ठेवण्याची सवयही उपयोगी. ॲनोड निम्मा झिजला की बदला, टेकण्याची जागा घासून लख्ख करा, त्यावर रंग लावू नका. खाऱ्या पाण्यात झिंक किंवा ॲल्युमिनियम, खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम.

प्रश्न : इंजिन सुरू केल्यावर धुराड्यातून पाणी येत नाही, आणि तापल्याचा अलार्म वाजतो.

उत्तर : अलार्मची वाट पाहू नका. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात पाणी दिसले नाही तर इंजिन बंद करा. या क्रमाने पाहा: सीकॉक उघडा आहे का, गाळणीत शेवाळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी आहे का, गाळणीच्या झाकणाची रबरी रिंग हवा ओढते का, आणि शेवटी पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक. तो पाण्यानेच थंड राहतो, कोरडा फिरला की थोड्याच वेळात त्याची पाती जळतात.

सीकॉक बंद करून झाकणाचे स्क्रू काढा, इम्पेलर ओढून काढा आणि पाती मोजा. एखादे तुटले असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो पुढच्या नळीत किंवा इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी असतो, आणि नवा इम्पेलर घातल्यावरही इंजिन तापवत राहतो. नव्या इम्पेलरला ग्लिसरीन किंवा भांड्यांचा द्रव साबण लावा, खनिज ग्रीसने रबर फुगते. पाती पंप फिरण्याच्या दिशेच्या उलट वाकलेली ठेवून, फिरवत आत सरकवा. झाकणाखाली नवे गॅस्केट घाला. मग सीकॉक उघडा. हे शेवटचे काम विसरल्याने नवा इम्पेलरही जळाल्याची उदाहरणे थोडी नाहीत, म्हणून सीकॉक बंद असेपर्यंत इंजिनाची किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवून ठेवा.

प्रश्न : विंच (शिडांचे दोर ओढणारा फिरता ड्रम) फिरवताना मधेच घसरते. ग्रीस भरपूर घातले आहे.

उत्तर : तेच कारण असण्याची शक्यता जास्त. आतले छोटे खटके स्प्रिंगने बाहेर उसळून दात पकडतात. ग्रीसमध्ये ते चिकटतात. दांडा हातात असताना खटका सुटला तर मनगट मोडते, तेव्हा दुरुस्तीपर्यंत ती विंच वापरू नका.

पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तळाला विंचच्या मापाचे भोक पाडून ते विंचवर बसवा, म्हणजे ड्रम उचलताना उडालेली स्प्रिंग समुद्रात जात नाही. सुटे भाग काढले त्या क्रमाने कापडावर मांडा, केरोसिनमध्ये धुवा, कोरडे करा. दातांना आणि बेअरिंगला टूथब्रशने ग्रीसचा पातळ थर द्या. खटक्यांना ग्रीस नाही, हलक्या तेलाचे दोन थेंब. प्रत्येक खटका बोटाने दाबून सोडा, तो ताडकन परत यायला हवा. रेंगाळणाऱ्या खटक्याची स्प्रिंग बदला.

प्रश्न : नव्या बोटीच्या टाकीतल्या पाण्याला प्लॅस्टिकची चव आहे, आमच्या पाण्याला वास येतो.

उत्तर : त्यांनी टाकी दोन-तीनदा भरून रिकामी करावी, चव जाते. तुम्ही आधी कार्बन फिल्टर काढा. मग दर १०० लिटर पाण्याला ५ टक्के तीव्रतेचा, सुगंध नसलेला ब्लीच १०० मिलिलिटर घाला. गरम पाण्याच्या नळासकट प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि चार तास तसेच ठेवा. टाकी धातूची असेल तर त्याहून जास्त नको, क्लोरीनने धातूला खड्डे पडतात. रिकामी करून दोनदा गोड्या पाण्याने धुवा, आणि फिल्टरची नवी कांडी त्यानंतरच बसवा.