झेनिट घेऊ का?

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात रशियन 'झेनिट-ई' कॅमेरा पाहिला. विक्रेता चार हजार सांगतो. उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतो, पुढे मॉस्को ऑलिम्पिकचं चिन्ह आहे, म्हणून 'दुर्मीळ' म्हणतो. घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुर्मीळ कसला! क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याने झेनिट-ई लाखांनी काढले. 1980च्या चिन्हाचा एक रुपयाही जास्त देऊ नका. काट्याचंही फार कौतुक नको. सेलेनियमचं मीटर, त्याला सेल लागत नाही हे खरं, पण इतक्या वर्षांनी ते खरं बोलेलच असं नाही. माझ्या झेनिटचा काटा मेलेलाच होता. कडक उन्हात 100 वेगाचा (आयएसओ) रोल, लेन्सचं 16चं छिद्र (f/16) आणि शटरचा 1/125 सेकंद वेग एवढ्यावर मी वर्षानुवर्षं फोटो काढले.

पैसे आहेत ते पुढच्या काचेत. 58 मिमीची 'हेलिओस 44-2' लेन्स असेल तर मागून टॉर्च मारून आतून बघा. आपल्या पावसाळ्याने काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. काच स्वच्छ असेल तर चार हजार चालतील, कारण ॲडॉप्टर लावून ही लेन्स आजच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) डिजिटल कॅमेऱ्यावरही बसते. बुरशी असेल तर दीड हजाराच्या वर मी तरी जाणार नाही.

मग मागचं झाकण उघडा, लेन्स काढा, उजेडाकडे धरून 1/500वर खटका दाबा. चौकट दोन्ही कडांपर्यंत सारखी उजळली पाहिजे. एका बाजूला अंधार राहिला तर शटरचा, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारा, कापडी पडदा थकलाय. खटका न दाबताही पडद्यातून उजेडाचे टिपके दिसले, तर भोकं आहेत. विक्रेता झाकण उघडू देत नसेल तर पुढच्या गाळ्यावर जा.

फ्लॅश मात्र 1/30वरच. पुतणीच्या बारशाला मी 1/125वर मारला होता. अख्ख्या रोलवर अर्धाच पाळणा आला. वहिनी अजून ऐकवतात.

घेतलात तर पहिल्या रोलवर माणसं नकोत. ढगाळ दुपारी एकाच भिंतीचे पाच फोटो काढा : 1/30 ला 16, 1/60 ला 11, 1/125 ला 8, 1/250 ला 5.6, 1/500 ला 4. पाचही जोड्यांत फिल्मवर उजेड सारखाच पडतो, म्हणून रोल धुऊन आला की पाचही निगेटिव्ह शेजारी ठेवा. एखादी फिकी किंवा जास्त काळी दिसली, तर तो वेग सोडून बाकीच्यांवर काम चालवा.