दूध तोडू नकोस, घास दाट कर
अगं, वर्ष उलटलेल्या बाळाचं वजन वाढत नाही म्हणून त्याचं अंगावरचं दूध बंद करू नकोस. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र वर्षानंतर नुसत्या दुधावर भागत नाही. साधारण ५५० कॅलरी रोज वरच्या अन्नातून जायला हव्यात, आणि पोट तर एवढंसं.

डाळीचं पाणी, पातळ पेज यांनी पोट भरतं, अंगी लागत नाही. त्याऐवजी घट्ट वरण-भात कुस्करून वर चमचाभर साजूक तूप, नाचणीच्या खिरीत बदामाची पूड, उपम्यात शेंगदाण्याचं कूट (अख्खा दाणा नको, घशात अडकतो). अंडं चालत असेल तर रोज दे. तीन-चार जेवणं, मध्ये केळं किंवा चिकू. दिवसा आधी जेवण, मग दूध. चहा-बिस्किट आजीने कितीही प्रेमाने दिलं तरी नकोच. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

आणि लोहाचं मनावर घे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही. रक्त कमी झालं की भूक मरते, मग वाटी घेऊन कितीही मागे धावलं तरी तोंड उघडत नाही. हिमोग्लोबिन तपासून घेच.

शेजारच्या गुटगुटीत बाळाकडे बघू नकोस, अंगणवाडीच्या कार्डावरची वजनाची रेघ बघ. ती वर चढत असेल तर बारीक अंगकाठी चालते. आडवी झाली, किंवा दंडाचा घेर १२.५ सेंमीपेक्षा कमी भरला, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.