आंधळ्याच्या हातांपासून सुरुवात कर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

फ्लेमिश चित्रकार रूबेन्सच्या ‘संत फ्रान्सिस झेवियरचे चमत्कार’ या चित्रावरचे तुझे टिपण वाचले. तू थेट झेवियरपासून, म्हणजे गोव्यात आलेल्या त्या जेझुइट धर्मप्रचारकापासून, सुरुवात केली आहेस. मला वाटते, तू खालून वर जावेस. व्हिएन्नाच्या संग्रहालयातले हे चित्र पाच मीटरांहून उंच आहे आणि त्याच्यासमोर उभे राहिले की आधी अंगावर येते ती खालची गर्दी. त्या गर्दीतला आंधळा नीट पाहा. त्याने दोन्ही हात पुढे पसरले आहेत आणि समोर काही लागते का, ते तो चाचपडतो आहे. त्याला दृष्टी अजून मिळालेली नाही. चौथऱ्यावर उभ्या असलेल्या, काळा झगा घातलेल्या झेवियरच्या उंचावलेल्या हाताला अर्थ येतो तो या रिकाम्या हातांमुळे.

‘संत’ हा शब्दही जपून वापर. चित्र साधारण १६१७-१८ मधले, आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पच्या जेझुइट चर्चच्या मुख्य वेदीसाठी काढलेले. झेवियरला संतपद मिळाले १६२२ मध्ये. म्हणजे रूबेन्स अजून न झालेल्या निवाड्याची बाजू मांडत होता, आणि म्हणूनच इतके साक्षीदार त्याने एकाच चौकटीत उभे केले.

चित्रातल्या देवळात कोसळणाऱ्या मूर्तीला तू एका ओळीत उरकलेस. तू गोव्याची आहेस, त्यामुळे ती जागा तुला बोचली असणार, हे मी समजतो. पण तिथेच थांबायला हवे. रूबेन्स हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याने रंगवलेल्या देवळाचे खांब युरोपीय वळणाचे आहेत आणि ती मूर्ती ऐकीव माहितीवर बेतलेली आहे. शिवाय ज्या अँटवर्पमध्ये हे चित्र लागले, त्याच शहरातल्या चर्चांमधल्या मूर्ती १५६६ मध्ये प्रोटेस्टंट जमावाने फोडल्या होत्या. मूर्तिभंग म्हणजे काय, हे त्या शहराने स्वतःच्या घरात अनुभवले होते. हे ध्यानात घेऊन तो कोपरा पुन्हा पाहा, आणि तुला राग आला तर तोही लिही, मात्र नेमका लिही.

एक काम व्हिएन्नापेक्षा तुझ्या घराजवळचे आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चमध्ये जा. झेवियरचा देह तिथे आहे, आणि ‘गोंयच्या सायबा’पुढे, म्हणजे झेवियरपुढेच, उभी राहणारी माणसेही. त्यांचे हात पाहा. मग पहिला परिच्छेद नव्याने लिहून ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी मला पाठव.

तुझा शुभचिंतक