खऱ्या पोस्टी, फसवी जाहिरात

प्रश्न : दूरचित्रवाणीवरील जाहिरातींत हल्ली समाजमाध्यमांवरच्या पोस्टी झळकवून ‘लोक काय म्हणतात ते पाहा’ असे सांगितले जाते. त्या पोस्टी खऱ्या असल्या, तरी जाहिरात दिशाभूल करणारी ठरू शकते का? — एक वाचक

उत्तर : निश्चितच ठरू शकते. पोस्टी बनावट असणे हा ढोबळ प्रकार झाला; खरी फसवणूक बहुधा निवडीत असते. एखाद्या उत्पादनाविषयी तक्रारींचाच भडिमार झालेला असला, तरी स्तुतीच्या चार ओळी कुठे ना कुठे सापडतातच, आणि त्या एकापाठोपाठ एक दाखवल्या की सर्वांचे मत असेच असणार, हा निष्कर्ष प्रेक्षक स्वतःच काढतो. जाहिरातदाराला तसे तोंडाने म्हणावेही लागत नाही. ‘सुरुवातीला छान वाटले, पण नंतर त्रास झाला’ या वाक्याचा पूर्वार्धच तेवढा उचलण्याची युक्ती तर त्याहून जुनी आहे. (परीक्षणातले एखादे सोयीचे विशेषण उचलणाऱ्या चित्रपटांच्या जाहिराती आठवाव्यात.)

मूळ ठिकाणी पोस्टीवर तारीख असते, खाली इतरांची उत्तरे असतात, लिहिणाऱ्याचे खाते उघडून पाहता येते. पडद्यावर काही सेकंद दिसणाऱ्या चौकटीत यातले काहीच उरत नाही. लिहिणाऱ्याला वस्तू फुकट मिळाली होती का, तो कंपनीचाच कर्मचारी आहे का, की बक्षिसाच्या आशेने त्याने कंपनीने सुचवलेला हॅशटॅग वापरला होता, हे प्रेक्षकाला कळण्याचा मार्गच नसतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २००९ मध्ये जाहिरातींतील शिफारशींविषयीची आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलताना ‘प्रत्येकाला असाच परिणाम मिळेल असे नाही’ एवढ्या तळटिपेवर जाहिरातदाराची सुटका करणे बंद केले. असाधारण अनुभव दाखवायचा असेल, तर ग्राहकाला सर्वसाधारणपणे काय अपेक्षित धरता येईल, हेही स्पष्ट सांगावे, अशी तिची भूमिका आहे. ब्रिटनमध्ये अभिप्राय खरा असल्याचा पुरावा जाहिरातदाराने जवळ बाळगावा लागतो, आणि तो असला तरी निव्वळ अभिप्राय हा दाव्याचा पुरावा मानला जात नाही. भारतातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस हे ती करणाऱ्याचे प्रामाणिक मत असावे लागते आणि डिस्क्लेमर (दाव्याच्या मर्यादा सांगणारी तळटीप) दाव्याच्याच भाषेत द्यावा लागतो. नियम बरे आहेत. पण घाईने सरकणाऱ्या बारीक अक्षरांवर लक्ष ठेवणार कोण, हा प्रश्न मात्र राहतो.

प्रश्न : लाखो ‘लाईक’ मिळाल्याचा आकडा कितपत ग्राह्य धरावा? — दुसरे वाचक

उत्तर : उत्पादनाच्या गुणवत्तेसाठी अजिबात धरू नये. लाईक हा एखाद्या विनोदाला, गाण्याला किंवा कलाकाराला दिलेला असू शकतो. देणाऱ्याने ती वस्तू वापरली आहे, असे त्यातून कळत नाही. शिवाय लाईक आणि फॉलोअर्स विकतही मिळतात. बॉटद्वारे (आपोआप चालणाऱ्या संगणकीय खात्यांद्वारे) निर्माण केलेल्या अशा आकड्यांच्या खरेदी-विक्रीला आळा घालणारा नियम अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे. अशा जाहिरातीविरुद्ध तक्रार करायची असल्यास वाहिनी, दिनांक, वेळ आणि पडद्यावरील नेमका मजकूर टिपून ठेवावा, आणि मूळ पोस्ट सापडल्यास तिचा संपूर्ण स्क्रीनशॉट, खालच्या उत्तरांसह, सोबत जोडावा.