मिरीचे दोन दाणे

चिनू,

काल भाऊकाकाला नारळाचे पैसे पाठवत होतो, तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तात्यांचे स्वतःचे एवढे माड आहेत. त्यांना दर शिमग्याला आपण नारळ का द्यायचा?" मी "पद्धत आहे" म्हणून सुटलो. तुझं "ओके, पॉइंटलेस" मात्र रात्रभर बोचत राहिलं.

तात्यांच्या घरामागचं शेत म्हणजे आमचं मैदान. भात कापून झालं की खुंटं उपटायची, शेणाने सारवून पिच करायची. बॅट झावळीच्या देठाची. बॉल विहिरीत गेला की आत्याला बोलवायचं, पोहऱ्यात तो अलगद धरणं तिलाच जमायचं. त्या जागेचं भाडं कुणी कधी मागितलं नाही. शिमग्याला आजी नारळ द्यायची आणि तो तात्यांच्या ओटीवर ठेवून नमस्कार करणं माझ्याकडे. चड्डी सावरत.

आता तू उन्हाळ्यात खेळतेस ते इथलं, इंग्लंडमधलं व्हाइन मैदान बघ. केंट आणि ससेक्स या परगण्यांचे संघ तिथे १७३४ साली खेळल्याची नोंद आहे. तिथल्या नोल नावाच्या वाड्याच्या मालकाने, ड्यूक ऑफ डॉर्सेटने, १७७३ मध्ये ते मैदान सेव्हनओक्स गावाला देऊन टाकलं. आज तुझा क्लब टाउन कौन्सिलला वर्षाचं भाडं काय देतो? मिरीचे दोन दाणे. एक मैदानाचा, एक पॅव्हिलियनचा. आणि नोलच्या घराण्यातल्या लॉर्ड सॅकव्हिलनी मागितला, तर कौन्सिल त्यांना वर्षाला एक क्रिकेटचा बॉल देणं लागते. दोन दाण्यांत वाटीभर सारसुद्धा व्हायचं नाही!

पण म्हणून मी जिंकलो असं नाही. आमच्या नारळात मान होता, आणि मान आला की रुसवेही आले. भाऊकाका नि तात्यांचा थोरला एका नारळावरून दोन वर्षं बोलत नव्हते. शिवाय ते शेत कसायचा दुसराच माणूस. आम्ही तुडवलेली ढेकळं पावसाआधी तो मुकाट सारखी करायचा. त्याच्या दारी नारळ घेऊन आम्ही कधी गेलो नाही. हे मला इथे, तुझी मॅच बघताना सुचलं. इतक्या उशिरा.

पुढच्या वर्षीही मी पैसे पाठवीन. तू पाठवायलाच हवेस, असं माझं काही म्हणणं नाही. तात्या मात्र विचारत होते, पोरगी अजून लेगस्पिन टाकते का.

आणि तो नारळ वाया जात नाही हं. काकी त्याची सोलकढी करते.

बाबा